अनोळखी संपादकाला पहिला मेल

१९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजवर दिवाळी अंकांना चित्रकार लागत आले आहेत, आणि दरवर्षी लागतात. तरीही नाशिक-सोलापूरकडच्या नव्या चित्रकाराला वाटतं, आपली कुणाशी ओळख नाही, मग काम कोण देणार? नीट लिहिलेला मेल ही ओळख करून देऊ शकतो, असं मी खात्रीने सांगेन. मात्र लिहायला बसण्याआधी बरंच काम करावं लागतं.

आधी वाचनालयात जाऊन गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळा. कुठे कथाचित्रं नुसत्या रेषांची असतात, कुठे रंगीत, कुठे चित्रांऐवजी फोटोच, हे लक्षात येईल. तुमच्या हाताला जुळतील असे मोजकेच अंक निवडा. सुरुवातीच्या पानांवर संपादक, कार्यकारी संपादक, मांडणी, सजावट अशी नावं छापलेली असतात आणि बहुधा ईमेलही तिथेच मिळतो. मेल त्यांतल्या योग्य माणसाच्या नावाने लिहा. एकच मजकूर पन्नास जणांना एकदम पाठवला, तर तो वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं.

वेळही सांभाळायला हवी. पावसाळ्यात कथा हातात येऊ लागतात आणि चित्रांची वाटणी होते. म्हणून मे-जूनमध्ये गेलेला मेल कामाचा ठरतो. गणपतीनंतरचा यंदापुरता उशिराचाच.

विषयाच्या ओळीत 'विनंती' किंवा 'एक संधी' असं काही नको. 'कथाचित्रांसाठी नमुने : शाईतली रेखाचित्रं' एवढं पुरे. आतला मजकूर साधारण असा असावा :

'स.न.वि.वि. गेल्या वर्षीच्या अंकातली गिरणी कामगाराची कथा वाचली. तिच्यासोबतचं भोंग्याचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. मीही शाईत काम करते. तीन नमुने सोबत जोडले आहेत. यंदा एखाद्या कथेसाठी चित्र हवं असल्यास जरूर कळवावं. पानभर चित्र चार दिवसांत देऊ शकेन.'

यात शिक्षण, बक्षिसं, लहानपणापासूनची आवड यांतलं काहीच नाही. संपादकाला तीनच गोष्टी हव्या असतात : हात कसा आहे, आपल्या अंकात शोभेल का, आणि चित्र वेळेवर मिळेल का. कथेचा उल्लेख मात्र खरा हवा. न वाचलेल्या कथेचं कौतुक लपत नाही.

नमुन्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. तीन-चार चित्रं पुरतात, पण ती मागायच्या कामासारखी हवीत. कथाचित्र हवं असणाऱ्याला सुटी फुलं-पानं किंवा देवदेवतांची चित्रं पाहून काही ठरवता येत नाही. एखादी छापलेली कथा घेऊन तिचं चित्र स्वतःहून काढा. बालपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका किंवा प्रथम बुक्स यांना लिहिणार असाल, तर एकच मूल तीन प्रसंगांत काढा : धावताना, रुसलेलं, पाठमोरं. पानोपानी ते तेच मूल वाटलं पाहिजे. नवख्या चित्रकाराचा हात इथेच डळमळतो, म्हणून निवडणारा हे आधी बघतो.

छपाईला ३०० डीपीआयची फाइल लागते, पण मेलला ती जोडू नका. हजार-बाराशे पिक्सेल रुंदीची जेपीजी मोबाइलवरही चटकन उघडते. ड्राइव्हची लिंक दिलीत, तर ती दुसऱ्या खात्यातून उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक कामाच्या गर्दीत तशीच राहून जाते.

उत्तर आलं नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच मेलला जोडून दोन ओळी आणि एक नवं चित्र पाठवा. तिसऱ्यांदा मात्र यंदा नको. गप्प राहण्याचा अर्थ नकारच असतो असं नाही. कथाच आल्या नसतील. कुणाला काय पाठवलं, कधी पाठवलं, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या मेमध्ये नव्या नमुन्यांसह पुन्हा लिहिता येतं.

होकार आला, की कथा, चित्राचा आकार, रंगीत की कृष्णधवल, तारीख आणि मानधन एकाच मेलमध्ये विचारून घ्या. मानधन विचारताना संकोच नको. फोनवर ठरलं, तर ठरलेली रक्कम मेलने कळवून ठेवा. चित्राखाली नाव छापणार का आणि मूळ चित्र परत मिळणार का, हेही त्याच वेळी विचारा.