पोरं धरणारे आले म्हणतात, तेव्हा काय करायचं?

सुगी सरली की आपल्या केदारखेड्यात आणि आसपासच्या गावांत फिरस्ती माणसं दिसू लागतात. भंगारवाले, चादरी विकणारे, नंदीबैलवाले, भिक्षा मागणारे गोसावी. अशातच मोबाईलवर एखादा व्हिडिओ येतो, 'पोरं पळवणारी टोळी आलीय'. लेकराच्या काळजीनं आपणच तो पुढं पाठवतो. म्हणून आज हा विषय घेतलाय.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले. बहुतेक जण सोलापूरकडच्या मंगळवेढ्याचे. भिक्षा मागून पोट भरणारे. पोरं पळवणारे समजून लोकांनी त्यांना धरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं, तिथंच मारलं. पाचही जण गेले. पोरं पळवल्याचं काहीच निघालं नाही. 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे मेलेल्यांची घरं उघडी पडली आणि मारणाऱ्यांचीही.

त्याच रात्री मालेगावातही असाच जमाव जमला. तिथंही संशय पाच जणांवरच होता, त्यात दोन वर्षांचं एक लेकरू. पण तिथल्या एका रहिवाशानं त्यांना आपल्या घरात घेतलं. पोलीस आले, जमावापुढं उभे राहिले. पोलिसांच्या गाडीचं नुकसान झालं, पण पाचही जीव वाचले.

अफवा एकच, दिवसही एकच. मालेगावात कुणीतरी वेळेवर दार उघडलं आणि पोलीस वेळेवर पोचले. आपल्याला शिकायचंय ते एवढंच.

गर्दीत प्रत्येकाला वाटतं, 'मी तर एकच चापट मारली.' कायदा चापटा मोजत बसत नाही. बेकायदा जमावानं गुन्हा केला, तर त्यात सामील असलेला प्रत्येक जण दोषी धरला जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानंही 17 जुलै 2018 ला सांगितलं, की असे हल्ले रोखायला प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमावा, गुन्हा लगेच नोंदवावा आणि पीडितांना भरपाई मिळावी.

मग आपण काय करायचं?

व्हिडिओ आला, तर आधी विचारा: कोणतं गाव? कोणती तारीख? लेकरू कुणाचं? उत्तर नसेल, तर पुढं पाठवू नका. घरातल्या पोरांनाही पाठवू देऊ नका.

माणसाचा संशय आला, तर 112 ला फोन लावा. पैसे लागत नाहीत. गाव, ठिकाण, किती माणसं जमलीत, एवढं नीट सांगा. पोलीस पाटलांनाही कळवा. गाडी असेल, तर नंबर लिहून ठेवा.

त्या माणसाला बांधू नका, त्याचा फोटो फिरवू नका. फोटो फिरला की शेजारच्या गावातूनही माणसं धावत येतात. जमाव जमायच्या आतच त्याला चार जाणत्या माणसांच्या सोबतीनं घरात बसवा, पाणी द्या. नुसतं कोंडून निघून जाऊ नका. राईनपाड्याची ती खोलीही बंदच होती.

आणि लेकरू खरंच हरवलं तर? एक घडीही थांबू नका. 18 वर्षांखालचं मूल हरवलं, की पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा लगेच नोंदवायचा असतो. 'एक दिवस वाट पाहा' असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनीही आहे.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की एक काम करा. 112, 1098, आपलं पोलीस ठाणं आणि पोलीस पाटील, हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आरडाओरडा ऐकू आला, तर फोन कोण करणार आणि दार कोण उघडणार, हेही त्याच दिवशी ठरवून टाका. ऐन वेळी ठरवायला कुणालाच सवड मिळत नाही.