भंगाराचाही उतारा असतो



गव्हाणीत पडणाऱ्या उसाबरोबर वाढे, पाचट आणि माती किती आली, यावर उतारा कसा घसरतो हे आपणांस सांगायला नको. दारावरून भंगारवाला जो माल नेतो, त्याचंही तसंच आहे. त्या मालाचं पुढे काय होतं, ते येथे थोडक्यात देत आहोत.

फेरीवाल्याचा माल भंगाराच्या दुकानी जातो. तिथे हाताने निवड होऊन रद्दी, पुठ्ठा, काच, धातू, प्लॅस्टिक असे ढीग लागतात. ते व्यापाऱ्यामार्फत कारखान्यांना जातात. रद्दी-पुठ्ठ्याचा पाण्यात लगदा करून बहुधा खोक्यांचा तपकिरी कागद काढतात. दर खेपेला कागदाचे तंतू आखूड होतात, म्हणून पाच-सात फेऱ्यांत ते संपतात. तेलकट रद्दी मात्र पहिल्याच फेरीत बाद. काच आणि धातू पुन्हापुन्हा वितळवता येतात. बॉक्साइटपासून नवं ॲल्युमिनियम करण्यापेक्षा भंगारातून केल्यास सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

खरी मेख प्लॅस्टिकमध्ये आहे. ते एक नाही, अनेक जातींचं असतं. कारखान्यात त्याचे तुकडे करून धुतात आणि पाण्याच्या हौदात सोडतात. बाटलीची टोपणं, दुधाच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या यांचे तुकडे तरंगतात. पाण्याच्या बाटलीचे, म्हणजे पेटचे, तळाशी बसतात. पण पीव्हीसी पाइपाचा तुकडाही तळाशीच बसतो! पेट वितळायला सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी जळून आम्ल सोडतं आणि अख्खा घाणा पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. म्हणून हाताची निवड चुकली की माल गेलाच. चांगल्या पेटपासून कापडाचा धागा आणि उशीतला कापूस होतो. ठिबकच्या जुन्या नळ्यांचा दाणा पाडून पुन्हा नळी वा हलक्या वस्तू करतात. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांत मात्र थरावर थर चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. त्या फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात.

ही निवड करणारे हात बहुतांशी गरीब बायांचे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. सहकार फक्त उसातच चालतो असं नाही.

आता आपल्याकडून व्हायच्या गोष्टी. कागद कोरडा ठेवावा. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवाव्यात. पीव्हीसीचे तुकडे बाटल्यांच्या गोणीत टाकू नयेत. ठिबकच्या नळ्यांची माती झटकून वेगळी गुंडाळी करावी. बांधावर पाचटाबरोबर पेटवू नये. पीव्हीसी जाळल्यास तर विषारी वायू निघतो. औषधाच्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, बाटलीला भोके पाडावीत आणि ती घरच्या भंगारात मुळीच मिसळू नये. ती निवडणाऱ्या बाईच्या हाताला हातमोजे असतीलच असं नाही.