आठशे आणि घरचा पाना

खंडेनवमीला पाने-पकडींना हळदकुंकू लागतं, दसऱ्याला गाडीच्या नाकावर झेंडूचा हार चढतो. पूजा आटोपली की पाने डिक्कीत जातात ते पुढच्या नवमीलाच बाहेर येतात. खरं तर पाऊस सरल्यावरचे हे दिवस बॉनेट उघडण्याचे. चार महिन्यांच्या चिखलपाण्यानं गाडीचं काय काय खाल्लं ते आत्ता दिसतं आणि आत्ताच स्वस्तात आवरतं. घरची गाडी मारुती ८०० असेल, तर यातली बरीच कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारच्या सकाळी, स्वतःच्या हातानं होतात.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची चावी दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. १९८६ मध्ये गाडीचा साचा बदलला. पुढे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, काही मॉडेलना पाचवा गिअरही मिळाला. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन मात्र कायम राहिलं. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, तोवर पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. एवढ्या संख्येचा फायदा असा, की पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला गेलात तर तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकलाही तिची नाडी ठाऊक असते.

हाताळायलाही ती सोपी. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या घरात, चाकं बारा इंची. क्लच साध्या केबलवर चालतो. जुन्या मॉडेलमध्ये तर कॉम्प्युटर नावाची चीजच नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं किंवा नाकाला कळतं.

आधी नुसतं बघा

घरच्या देखभालीत पान्यापेक्षा डोळ्यांचं काम जास्त. सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडावं. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा घालून पाहावी. कूलंटची पातळी बघावी. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय असेल तर ती सोडावी. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात घाटात टेंपरेचरचा काटा वर चढतो. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे गाडी एकदा जबर तापली की ते वाकडं होऊ शकतं, आणि मग शेकड्यातलं काम हजारांत जातं. काटा चढू लागला की गाडी बाजूला घेऊन थांबणं हाच उपाय. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं. झाकण फिरताच ते उसळून तोंडावर येतं.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट भुगा जमला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासावा, कोरडं करावं, वर व्हॅसलिनचं बोट फिरवावं. मात्र वायर काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे: गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर काहीच होत नाही. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर ती भरलेली आहे. गाडी चालू केल्यावर आकडा चौदाच्या जवळ गेला नाही तर दुखणं बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये आहे. नवी बॅटरी घेण्याआधी एवढं बघितलं तरी मल्टिमीटरचे पैसे वसूल होतात.

पावसाळ्यानंतरचं खास काम गंजाचं. आतले मॅट उचलून खालचा नमदा दाबून बघा. ओल असेल तर सगळं उन्हात वाळवा, नाहीतर फ्लोअरचा पत्रा आतून सडतो आणि वरून पत्ताही लागत नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात. पानं-चिखलानं ती बुजतात. खराट्याची काडी घालून ती मोकळी करणं हे या गाडीचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. कोकणातल्या गाड्यांना तर त्याची जास्तच गरज.

ऑइल बदलण्याची सकाळ

पहिलं काम म्हणून ऑइल बदलणं उत्तम. गाडी पाच मिनिटं चालू ठेवावी, म्हणजे ऑइल कोमट, पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन उतरतं. खाली शिरावं लागलं, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड आणि गाडीखाली दोन भक्कम घोड्या. जॅक फक्त उचलण्यापुरता.

वरचं ऑइलचं झाकण काढून ठेवायचं, चेंबरखाली जुनी पाटी सरकवायची आणि ड्रेन बोल्ट रिंग पान्यानं सैल करायचा. चावी पान्यानं बोल्टच्या कडा झिजतात. शेवटचे आटे हातानं फिरवताना बोल्ट आत दाबून धरायचा आणि झटक्यात बाजूला घ्यायचा, म्हणजे ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत नाही. धार थेंबांवर आली की बोल्टला नवा वॉशर घालून बसवायचा. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट लावायचं, रिंग टेकेपर्यंत फिल्टर फिरवायचा आणि मग हातानंच पाऊण फेरा. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. साधारण तीन लिटरच्या आतबाहेर ऑइल लागतं, पण डबा रिता करायची घाई नको. थोडं थोडं ओतत पट्टी बघत जायचं. गाडी मिनिटभर चालू करून, बंद करून पुन्हा पट्टी बघायची आणि बोल्टखाली थेंब येतोय का तेही. जुनं ऑइल गटारात ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजला द्यावं, तिथे त्याचं पिंप असतं.

प्लग काय सांगतात

तीन सिलिंडर, तीन प्लग. गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे तिनाऐवजी दोनावर अडखळत चालू लागली, की थंड इंजिनाचे तिन्ही प्लग काढून क्रमानं कागदावर मांडावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर आतलं जळण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर धुळीनं तुंबलाय. ओलसर, तेलकट काळा प्लग म्हणजे ऑइल वर येतंय. ते दुखणं रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलपर्यंत जाऊ शकतं. पांढराफटक प्लग म्हणजे सिलिंडर गरजेपेक्षा जास्त तापतोय. तिघांत एकच वेगळा दिसला तर त्या एका सिलिंडरची चौकशी करायची, सगळ्या इंजिनाची नाही. परत बसवताना प्लगचे सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवावेत. वाकडा गेलेला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे कापतो.

जुन्या मॉडेलची पावसाळी सकाळची तक्रार बहुतेकदा डेल्कोत, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये असते. कॅपच्या आत दमटपणा साठतो, ठिणगी भलतीकडे पळते आणि सेल्फ नुसताच घरघरतो. कॅप काढून आतून कोरड्या फडक्यानं पुसली की गाडी चालू होते.

इथे घरच्या पान्याचा खरा उपयोग ध्यानात येतो. पैसे वाचतात, पण ते दुय्यम. गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडी बरोबर चालत नाहीये’ एवढंच सांगणारं गिऱ्हाईक आणि ‘थंड असताना मिसिंग करते, दोन नंबरचा प्लग तेलकट आहे’ असं सांगणारं गिऱ्हाईक, या दोघांची बिलं वेगवेगळी येतात. दुसऱ्याच्या गाडीतला चांगला पार्ट सहसा बदलला जात नाही.

जिथे हात आखडता घ्यावा

ब्रेक शिकल्याशिवाय उघडू नयेत. त्यातलं एक मात्र समजून घ्यावं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. मुरलेल्या ओलाव्यानं हाच आकडा १४० च्या आसपास उतरू शकतो. आंबेनळी किंवा कुंभार्ली उतरताना सतत ब्रेक दाबला तर त्या उष्णतेनं ऑइलची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते मेकॅनिककडून बदलून घ्यावं आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. टायमिंग बेल्ट, स्टिअरिंग, वेल्डिंग, पेट्रोलची लाइन हीसुद्धा त्याचीच कामं. टायरचा निर्णय मात्र आपण घेऊ शकतो: नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की कायद्यानंही टायर संपला.

या गाड्या आता वयात आल्या आहेत. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी, नंतर दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. त्या तपासणीत दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, धूर याच गोष्टी बघतात आणि त्यांतल्या बहुतेक आदल्या आठवड्यात घरी तपासता येतात.

शेवटची आठशे कारखान्यातून बाहेर पडली त्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. नव्या गाडीचे बरेच आजार स्कॅनर लावल्याशिवाय सापडत नाहीत, हे मान्य. म्हणूनच या दिवाळीत शोरूममध्ये जाणार असाल तर मायलेज आणि पडद्याच्या आकाराबरोबर तीन प्रश्न आणखी विचारा. हिचे पार्ट बाहेर मिळतात का? गावातला मेकॅनिक हिला हात लावू शकतो का? आणि ऑइल, प्लग, बॅटरी, एअर फिल्टर यांतलं काय काय मी स्वतः बदललं तर वॉरंटी टिकेल? तिसऱ्याचं उत्तर लेखी मागा.