राष्ट्रीय ख्रिस्ती परिषद : पंथ वेगळे, काम एकत्र

भारतातील ख्रिस्ती समाजाविषयी लिहिताना 'चर्चची भूमिका', 'चर्चचे म्हणणे' असे शब्दप्रयोग सर्रास केले जातात. हे एकवचन फसवे आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 2 कोटी 78 लाख ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या 2.3 टक्के. त्यांत रोमन कॅथलिक आहेत, केरळातील सिरियन परंपरेच्या मंडळ्या आहेत, अँग्लिकन वारसा सांगणारे आहेत, तसेच लूथरन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, मेनोनाइट, साल्व्हेशन आर्मी आणि पेंटेकोस्टलही आहेत. प्रत्येकाची घटना वेगळी, धर्मगुरू नेमण्याची रीत वेगळी, मालमत्ता वेगळी. एकाने केलेला ठराव दुसऱ्यावर बंधनकारक नसतो.

मग हे सारे पंथ एकत्र काम करतात ते कशाच्या आधारावर? या पाठात आपण नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया, थोडक्यात एनसीसीआय, या संस्थेच्या उदाहरणातून हे समजून घेऊ. तिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे.

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट करून घ्या, कारण परीक्षेच्या उत्तरांतही त्याची गल्लत होते. पंथांचे 'एकीकरण' म्हणजे दोन-चार पंथांनी आपापले स्वतंत्र अस्तित्व संपवून एक नवे चर्च स्थापन करणे. 'परिषद' म्हणजे प्रत्येक पंथाने आपले अस्तित्व कायम ठेवून समाईक कामासाठी एका बैठकीत बसणे. परिषद कोणाला बाप्तिस्मा देत नाही, पाळक नेमत नाही, प्रभुभोजन कोणाला द्यावे हे ठरवत नाही. तिच्या हाती सल्ला, समन्वय आणि समाईक आवाज एवढेच असते. तेव्हा अशा संस्थेचा इतिहास वाचताना तिने काय ठराव केले याच्याही आधी एक प्रश्न विचारावा : बैठकीत बसण्याचा हक्क कोणाला होता?

जिल्हे वाटून घेण्याची पद्धत

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, अमेरिका येथील अनेक मिशन संस्था भारतात काम करत होत्या. एकाच गावात दोन मिशनांनी शाळा काढायच्या, एकाने शिस्तभंगासाठी काढलेल्या सभासदाला दुसऱ्याने घ्यायचे, असे प्रकार होऊ लागले. यावर तोडगा म्हणून क्षेत्रवाटपाची पद्धत रुळली. मिशनरी तिला 'कॉमिटी' म्हणत. एका मिशनने ज्या भागात काम सुरू केले आहे तेथे दुसऱ्याने जाऊ नये, असा हा समजुतीचा करार. 1872-73 मध्ये अलाहाबादला, 1882-83 मध्ये कलकत्त्याला, 1892-93 मध्ये मुंबईला आणि 1902 मध्ये मद्रासला प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मोठ्या परिषदा भरल्या. त्यांत हा विषय पुन्हा पुन्हा निघत असे.

मराठी मुलखात ही वाटणी आजही नकाशावर दाखवता येते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि सोलापूर हा अमेरिकन मराठी मिशनचा भाग. कोल्हापूर-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. जालना आणि नागपूर स्कॉटिश मिशनकडे. नाशिकला अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी. वऱ्हाड-खानदेशात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. करार मोडलाही जात असे : 1870 च्या दशकात अँग्लिकनांची एस.पी.जी. ही दुसरी संस्था अहमदनगर जिल्ह्यात उतरली आणि तेथे आधीपासून असलेल्या अमेरिकनांशी तिचे बराच काळ बिनसले.

या पद्धतीने भांडणे कमी झाली, हे खरे. पण तिचा एक परिणाम तेव्हा फारसा कोणाच्या लक्षात आला नसावा. माणूस प्रेस्बिटेरियन का झाला, याचे उत्तर धर्मशास्त्रात नव्हे, भूगोलात सापडू लागले. त्याचा तालुका ज्या मिशनच्या वाट्याला आला, तो त्याचा पंथ. युरोपात ज्या मतभेदांपायी युद्धे झाली, ते भारतात जिल्ह्यांच्या हद्दी होऊन बसले. पुढे एखाद्या भागात मुख्यतः एकाच जातीतून लोक ख्रिस्ती झाले, तर पंथ, प्रदेश, भाषा आणि जात या चारही गोष्टी एकमेकांत घट्ट विणल्या गेल्या. तुमच्या जिल्ह्यातील सर्वांत जुने चर्च कोणत्या मिशनचे, हे शोधून पाहा. शेजारच्या जिल्ह्यात उत्तर बदलण्याची शक्यता बरीच आहे.

बैठकीत कोण?

1910 मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी होते, आशियातील मूठभर. त्यांच्यापैकी तिरुनेलवेलीकडचे व्ही. एस. अझरय्या यांनी जे भाषण केले त्याने सभागृह अस्वस्थ झाले. मिशनरी भारतीयांसाठी पैसा आणि आयुष्य देतात, पण बरोबरीची मैत्री देत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वर्चस्वाची तक्रार इतक्या सभ्य शब्दांत आणि इतक्या थेटपणे क्वचितच मांडली गेली असेल. दोनच वर्षांनी, डिसेंबर 1912 मध्ये, अझरय्या दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप.

त्याच सुमारास एडिंबरो परिषदेचे अध्यक्ष जॉन आर. मॉट भारतभर फिरून प्रांतोप्रांतीच्या बैठका घेत होते. त्यांतून 1914 मध्ये नॅशनल मिशनरी कौन्सिल उभी राहिली. नावातला 'मिशनरी' शब्द नीट पाहा : सभासद होत्या त्या मुख्यतः परदेशी मिशन संस्था. भारतीय मंडळ्यांविषयी निर्णय होत होते, पण त्या मंडळ्या टेबलाशी नव्हत्या.

1923 मध्ये नाव बदलून नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल झाले आणि निम्मे सभासद भारतीय असावेत असे ठरले. केवळ नावाचा बदल असता तर त्याची नोंद घेण्याचे कारण नव्हते. बैठकीतले संख्याबळ बदलले, ही महत्त्वाची गोष्ट. पुढे खुद्द अझरय्यांनी परिषदेचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. मराठी वाचकांना परिचित असलेले निकल मॅक्निकल, ज्यांनी मराठी संतांचे अभंग इंग्रजीत नेले, तेही काही काळ या परिषदेचे सचिव होते.

तिसरा टप्पा 1979 चा. आता संस्थेचे नाव नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया झाले. मिशनांची परिषद, मग ख्रिस्ती लोकांची परिषद आणि अखेर चर्चेसची परिषद, असा हा प्रवास आहे. आज तिच्यात सुमारे तीस सभासद चर्चेस आहेत. शिवाय प्रादेशिक परिषदा, अखिल भारतीय संघटना आणि संलग्न सेवासंस्था आहेत. दर चार वर्षांनी महासभा भरते.

परिषदेने केले काय?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन मिशनऱ्यांना स्थानबद्ध केले किंवा मायदेशी पाठवले. छोटा नागपूरमधील गॉसनर मिशनच्या शाळा आणि मंडळ्या अचानक निराधार झाल्या. शेजारचे अँग्लिकन बिशप फॉस वेस्टकॉट यांनी शाळांची देखरेख स्वीकारली. युद्ध संपल्यावर या आदिवासी लूथरन मंडळ्यांनी अँग्लिकनांत विलीन न होता 1919 मध्ये स्वतःचे स्वायत्त चर्च जाहीर केले. सहकार्य म्हणजे काय, हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही : शेजाऱ्याने घर सांभाळले, पण घर शेजाऱ्याचे झाले नाही.

पुढच्या काळात एकट्या पंथाला न पेलणारी कामे परिषदेच्या छत्राखाली आली. ख्रिस्ती महाविद्यालयांची पाहणी करणारा लिंडसे आयोग 1930-31 मध्ये येऊन गेला. सामूहिक धर्मांतरांवरील जे. वॅस्कम पिकेट यांचा अभ्यास परिषदेनेच करवून घेतला. तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. डिसेंबर 1938 मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. फाळणीनंतर निर्वासितांसाठी सुरू झालेल्या मदतकार्यातून आज 'कासा' या नावाने ओळखली जाणारी संस्था वाढली. रुग्णालयांच्या क्षेत्रात ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया आहे. तिचे मूळ 1905 इतके जुने.

या कामांत एक समान धागा दिसेल. शाळा, दवाखाना, पूर, निर्वासित यांपैकी कशासाठीही बाप्तिस्मा बालपणी द्यावा की समजत्या वयात, या प्रश्नाचे उत्तर लागत नाही. परिषद जेथे जोमाने चालते, ती जागा नेमकी हीच.

एकीकरणाची वाट आणि धर्मादाय आयुक्त

ज्यांना एवढे पुरेसे वाटले नाही ते एकीकरणाकडे वळले. मे 1919 मध्ये तमिळ किनाऱ्यावरील त्रांकेबार येथे 33 ख्रिस्ती नेते जमले. दोघे सोडले तर सारे भारतीय. पंथभेद आपण निर्माण केलेले नाहीत, ते बाहेरून आले, अशी त्यांची भूमिका होती. तेथून चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन होईपर्यंत, म्हणजे 27 सप्टेंबर 1947 पर्यंत, 28 वर्षे वाटाघाटी चालल्या. उत्तरेत सहा चर्चेस एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. त्यात बाप्टिस्टही आल्यामुळे बालबाप्तिस्मा आणि प्रौढबाप्तिस्मा या दोन्ही पद्धती ग्राह्य धराव्या लागल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले.

या वाटाघाटी परिषदेने केल्या नाहीत, करूही शकत नव्हती. त्या संबंधित चर्चेसनी आपसांत केल्या. धर्मशास्त्राची गाठ सुटली तरी दुसरी गाठ उरली, ती जमिनीची. सहा चर्चेसपैकी एक होते चर्च ऑफ द ब्रदरन. गुजरातमधील त्यांच्या काही सभासदांना विलीनीकरण मान्य नव्हते आणि वाद न्यायालयात गेला. ही मालमत्ता मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या न्यासाची होती. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा प्रश्नांची जागा दिवाणी न्यायालय नसून त्या कायद्याखालची यंत्रणा, म्हणजे धर्मादाय आयुक्त, ही आहे. 2013 मध्ये त्याच न्यायालयाने निर्णय दिला की केवळ विलीनीकरणाचा ठराव केल्याने न्यासाची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. स्थापनेनंतर 43 वर्षांनी! गावातल्या देवस्थानाचा किंवा शिक्षणसंस्थेचा न्यास ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

बाहेर कोण, आत कोण?

संख्येने सर्वांत मोठे असलेले रोमन कॅथलिक चर्च या परिषदेचे सभासद नाही. त्यांच्या बिशपांची स्वतंत्र परिषद, सीबीसीआय, 1944 पासून आहे. 1951 मध्ये स्थापन झालेली इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया हे तिसरे मोठे व्यासपीठ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये ऐक्याविषयीचा दस्तऐवज संमत केल्यावर कॅथलिकांशी संवाद सुकर झाला. जानेवारीतील 18 ते 25 हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह आता पुष्कळ शहरांत मिळून पाळला जातो. प्रभुभोजन मात्र अजून एका मेजावर नाही.

मेज वेगळे असूनही या संस्थांनी सर्वाधिक एकजुटीने लावून धरलेला प्रश्न दलित ख्रिस्ती लोकांचा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये तो शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून त्याबाहेर आहेत. एनसीसीआय आणि सीबीसीआय या दोघी हा आदेश बदलावा अशी मागणी करतात आणि नोव्हेंबरमधील एक रविवार दलित मुक्ती रविवार म्हणून पाळतात.

या मागणीत चर्चेससाठी एक अवघड गोष्ट दडलेली आहे. विरोधक विचारतात, तुमच्या धर्मात जात नाही ना, मग जातीच्या सवलती कशाला? त्यावर खरे उत्तर एकच आहे : धर्मग्रंथात नसली तरी मंडळीत जात आहे. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती लोकांची दफनभूमीसुद्धा निराळी राहिली. म्हणजे सरकारपुढे मागणी मांडताना प्रत्येक चर्चला आधी आपल्या घरातला भेदभाव मोठ्याने कबूल करावा लागतो. एकेका पंथाला हे जड गेले असते; सर्वांनी मिळून म्हटल्यावर ते म्हणता आले.

त्या पुढची पायरी परिषदेच्या हातात नाही. ती भिंतींविरुद्ध ठराव करू शकते, अभ्यासक्रम तयार करू शकते, रविवार नेमू शकते. एखाद्या गावच्या दफनभूमीतली भिंत पाडण्याचा हुकूम तिला देता येत नाही. तो अधिकार त्या त्या धर्मप्रांताचा. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. धर्म बदलल्यावर जातीमुळे येणारे हीनत्व संपते का, हाच त्याच्यापुढचा कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे पुरावे चर्चेसच्या स्वतःच्या नोंदवह्यांत आणि दफनभूमींत आहेत.