वेदी, बाप्तिस्मा-कुंड आणि प्रार्थनेचे पुस्तक

खोपट, टेंभी नाका, तलावपाळी या ठाण्याच्या जुन्या भागात ख्रिस्ती उपासनेच्या दोन परंपरा एकमेकींपासून थोड्याच अंतरावर नांदत आल्या आहेत. तलावपाळीजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट हे रोमन कॅथलिक चर्च पोर्तुगीज काळाशी नाते सांगते, तर सेंट जेम्स हे चर्च इंग्रजी अमदानीत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चच्या, परंपरेत उभे राहिले आणि १८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते त्याचे समर्पण झाले. ठाण्यातील एका लहानशा चर्चसाठी कलकत्त्याचा बिशप का लागावा, या प्रश्नाच्या उत्तरात अँग्लिकन व्यवस्थेचा बराचसा अर्थ सामावलेला आहे.

या परंपरेत धर्मसेवेची तीन पदे मानली जातात. डीकन उपासनेत साहाय्य करतो आणि गरजूंची सेवा पाहतो. प्रीस्ट, ज्याला मराठी मंडळीत बहुधा पाळक म्हटले जाते, तो प्रभुभोजनाचा विधी चालवतो आणि पश्चात्ताप करणाऱ्यांना देवाच्या क्षमेची घोषणा ऐकवतो. मात्र नव्या पाळकांना दीक्षा देणे, बाप्तिस्मा झालेल्यांचे दृढीकरण करणे आणि उपासनेची वास्तू कायमची देवकार्यासाठी वेगळी काढणे ही कामे बिशपाचीच. १८१४ साली स्थापन झालेल्या कलकत्ता धर्मप्रांताकडे त्या वेळी मुंबई इलाखाही होता, आणि मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन टॉमस कार हे तिथले पहिले बिशप झाले ते १८३७ साली, त्यामुळे हेबर यांच्या दौऱ्यावाचून ठाण्याचे समर्पण विधिपूर्वक होऊ शकत नव्हते.

दृढीकरण हा विधी बाप्तिस्म्याशी जोडूनच समजून घ्यावा लागतो. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा विश्वासाची वचने त्याच्या वतीने धर्मपालक देतात. मूल जाणते झाल्यावर तीच वचने ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा देते आणि बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करतो. जुन्या पद्धतीच्या अँग्लिकन चर्चची रचनाही हाच क्रम दाखवते. बाप्तिस्म्याचे दगडी कुंड बहुधा प्रवेशद्वाराजवळ असते, वेदी समोरच्या टोकाला, परंपरेने पूर्वेकडे असते आणि मंडळी मधल्या प्रशस्त भागात बसते, म्हणजे दारातल्या पाण्यापासून वेदीवरच्या भोजनापर्यंतची वाट हीच सभासदाच्या आयुष्याची वाट ठरते.

या सर्वांना बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे प्रार्थनेचे पुस्तक. इंग्लंडच्या चर्चने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारली, परंतु उपासना बदलली ती १५४९ मध्ये, जेव्हा आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांच्या पुढाकाराने लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेतले एकच पुस्तक पाळक आणि मंडळी या दोघांच्याही हाती आले. १६६२ सालची त्याची आवृत्ती पुढे इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात पोहोचली. पापांगीकार, क्षमेची घोषणा, स्तोत्रे, जुन्या व नव्या करारातील वाचने, विश्वासांगीकार आणि प्रार्थना हा क्रम त्यात ठरलेला आहे. कलेक्ट ही त्या त्या रविवारची एका वाक्याएवढी आटोपशीर प्रार्थना, ज्यात देवाच्या एखाद्या गुणाचे स्मरण करून एकच मागणे मागितले जाते. लिटनीत पाळक एकामागून एक विनंत्या मांडतो आणि मंडळी ठरावीक शब्दांत उत्तर देते. भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी उचलावी तसे हे वाटते खरे, पण येथे मंडळी बहुतेक वेळा पाळकाचे शब्द पुन्हा उच्चारत नाही, तर त्याची अर्धी राहिलेली विनंती आपल्या वाट्याच्या शब्दांनी पुरी करते.

प्रभुभोजन हा मात्र खरा गाभा आहे, आणि या परंपरेचा स्वभाव तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. वेदीपुढच्या कठड्याशी लोक गुडघे टेकतात, पाळक प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवतो, मागोमाग प्याला येतो, आणि दोन्ही वेळा काही शब्द उच्चारले जातात. १५४९ च्या पुस्तकात हे शब्द ख्रिस्ताचे शरीर घेणाऱ्याचे रक्षण करो अशा अर्थाचे होते. भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष असतो असे मानणाऱ्यांना ते मानवले, सुधारकांना खटकले, म्हणून १५५२ मध्ये ते काढून स्मरणार्थ खाण्याची आज्ञा घालण्यात आली, आणि १५५९ मध्ये, राणी एलिझाबेथच्या काळी, दोन्ही वाक्ये एकापाठोपाठ जोडण्यात आली. वाद सुटला नाही, पण दोन्ही पक्षांना एकाच कठड्याशी गुडघे टेकता आले, आणि ही तडजोड दुबळेपणाची नसून मोठ्या शहाणपणाची होती, असेच म्हणावे लागते.

अर्थात या चौकटीला सर्वच जण निमूटपणे शरण गेले नाहीत. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार यांविषयी तिथल्या भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून सडेतोड वाद घातला आणि सदसद्विवेकावरचा आपला हक्क सोडला नाही. वाँटेजच्या याच भगिनीसंघाने पुण्याच्या पंचहौद मिशनमध्येही काम केले, जिथले पवित्र नाम देवालय आजही उभे आहे.

वर्षाचा काळही उपासनेने वाटून दिलेला असतो. नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे आणि भस्म बुधवारपासून पुनरुत्थानदिनापर्यंतचे, रविवार वगळून, चाळीस दिवस उपवासकाळाचे. या दोन्ही काळांत वेदीचे वस्त्र जांभळे, सणांना पांढरे, पेन्टेकॉस्ट व हुतात्म्यांच्या दिवशी लाल, एरवी हिरवे असते. हेबर यांची गीतेही याच वर्षक्रमाने मांडलेली असून ती त्यांच्या निधनानंतर, १८२७ मध्ये, प्रसिद्ध झाली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्चचा उत्तरेकडील भाग त्यात विलीन झाला. बिशप, पाळक आणि डीकन ही तिन्ही पदे नव्या चर्चने राखली. जाणत्यांनाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही सामील झाल्यामुळे तान्ह्यांचा आणि जाणत्यांचा असे दोन्ही बाप्तिस्मे त्यात मान्य आहेत, आणि अँग्लिकन नसलेल्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य केलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते आता पूर्वीच्या अँग्लिकन मराठी मंडळ्यांच्याही उपासनेचा भाग झाली आहेत.