सासूबाईंची मुंबई आणि सासूबाईंचं लंडन

परदेशातून कुणी आलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तिकडे दूध काय भाव?" मग पौंडाचे रुपये करायचे, डोळे मोठे करायचे आणि "बाई गं, मग राहता तरी कसे!" म्हणायचं. मैत्रिणींनो, या हिशेबातून हाती काही लागत नाही. पगार पौंडांत आणि खर्च रुपयांत असं तिथे कुणाचंच नसतं. दोन शहरांतलं जगणं ताडून बघायचं असेल तर तिथे एका बाईचा दिवस उजाडतो कसा आणि मावळतो कसा ते बघावं. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याचा दिवस आधी बघावा.

आमच्या घरात हे ताडून बघायला हक्काचं माणूस आहे, ते म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७१, शिक्षण सातवीपर्यंत, गुडघे कुरकुरणारे आणि जीभ खणखणीत. थोरले दीर मुंबईला भांडुपमध्ये, धाकटे लंडनला हॅरोमध्ये आणि मधले आम्ही कोल्हापुरात. सासूबाई भांडुपला आणि हॅरोला सहा-सहा महिने राहून आल्या आहेत.

तिन्ही घरं एकत्र येतात ती जोतिबाला. आमचं कुलदैवत ते. एक गंमत सांगते. ईस्टर हा वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे बऱ्याच वर्षी तो आपल्या चैत्र पौर्णिमेला चिकटूनच असतो. २०२३ साली पौर्णिमा ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ ला. २०२५ साली पौर्णिमा १२ ला, ईस्टर २० ला. २०२४ सालासारखा एखाद्या वर्षी महिन्याचा फरक पडतो, पण एरवी जोतिबाची यात्रा आणि लंडनच्या शाळांची सुट्टी यांचं गणित छान जमतं. २०२५ साली यात्रेची लाखोंची गर्दी ओसरल्यावर आम्ही सगळे डोंगरावर गेलो. सासनकाठ्या परतल्या होत्या, पण पायऱ्या, भिंती, एवढंच काय, तिथल्या कुत्र्यांच्या पाठीसुद्धा अजून गुलालानं गुलाबी होत्या. गुरवांच्या घरी नैवेद्याच्या पोळ्या होईपर्यंत आम्ही तिघी जावा ओसरीवर टेकलो, आणि "तुझं कसं, माझं कसं" सुरू झालं.

सुरुवात अर्थात पाण्यावरून. मुंबईला सात तलावांचं पाणी. त्यातलं बरंचसं शंभर-शंभर किलोमीटरवरून येतं आणि भांडुपच्याच केंद्रात शुद्ध होतं. पण केंद्र दाराशी आहे म्हणून थोरल्या जाऊबाईंच्या नळाला पाणी दिवसभर नाही हो! ते पहाटे पाचला येतं आणि त्याबरोबर त्याही उठतात. पिंप, कळशा, मग पिण्याचं गाळून वेगळं. धाकटीकडे चोवीस तास पाणी, आणि तेही नळाला भांडं लावून तसंच प्यायचं. हे ऐकून थोरल्या बाईंनी असा सुस्कारा सोडला की विचारू नका. तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "पाणी आहे, पण डाळ शिजत नाही त्या पाण्यात!" खरंच आहे ते. लंडनचं पाणी जड. किटलीला आतून पांढरा थर धरतो, चहावर साय नसताना साय दिसते आणि तूरडाळ रात्रभर भिजत घातल्याशिवाय मऊ होत नाही. भरीला, फोडणीचा धूर जरा जास्त झाला की छताला लावलेली धुराची घंटा ठणाणा करते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी लसणाची फोडणी दिली आणि घंटेच्या आवाजानं उलथनं टाकून थेट रस्त्यावर गेल्या. पुढे त्या खिडकी उघडून, दार लावून, मगच मोहरी टाकू लागल्या.

आता कामाचं बघा. थोरल्या जाऊबाई फोर्टात नोकरीला. सव्वासहाला पोळीवाली येते, नंतर भांडीवाली. दूध, पेपर, कचरा, इस्त्री, सगळं दारात येतं आणि दारातून जातं. बेल वाजतच असते. धाकटीकडे आठवडाभर बेल वाजत नाही. पत्रं दाराच्या फटीतून आत पडतात. घर झाडणं, संडास धुणं, इस्त्री, सगळं घरच्यांनी करायचं. कचऱ्याचे डबेही तिच्या भागात एका आठवड्याला एक आणि दुसऱ्या आठवड्याला दुसरा असे बाहेर ठेवायचे. वार चुकला की पंधरा दिवस तो कचरा सांभाळा. कपडे थंडीत उन्हाला घालायची सोय नाही. ते घरातच वाळवायचे, आणि त्या दमटपणानं भिंतीला बुरशी धरते ती पुसत बसायची.

पण इथेच मला एक गोष्ट जाणवली, ती सांगते. लंडनला मोलकरीण परवडत नाही म्हणून धाकटे दीर रोज भांडी घासतात, मुलीचा डबा भरतात, शर्टांना इस्त्री करतात. कौतुक म्हणून नाही, केल्याशिवाय भागतच नाही म्हणून. भांडुपला थोरल्या भावजींना पाण्याचा पेलाही हातात लागतो, कारण त्यांच्या वाटणीचं काम एक तिसरीच बाई करते. ती स्वतःचं घर पहाटे उरकून, आपली मुलं शेजारणीच्या भरवशावर टाकून येते. तेव्हा मुंबईत थोरल्या जाऊबाईंचं ओझं हलकं होतं म्हणजे ते एका बाईच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जातं. लंडनमध्ये ते नवऱ्याच्या खांद्यावर जातं. मात्र हा खांदा विमानातून उतरला की पुन्हा पूर्वीसारखा होतो बरं का! जोतिबाच्या पंगतीत धाकटे भावजी ताटावरून तसेच उठले. धाकटीनं काही म्हटलं नाही, नुसती बघितलं. ते बघणं आम्हा दोघींनाही कळलं.

प्रवासाचं थोडक्यात सांगते, कारण गाड्यांच्या गर्दीचं रडगाणं दोन्हीकडे सारखंच. मुंबईची आगगाडी १८५३ सालची, लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालची. थोरल्या बाईंना बायकांचा डबा आहे. १९९२ पासून तर पश्चिम रेल्वेवर सबंध गाडीच बायकांची धावते. डब्यात भाजी निवडून होते, डोहाळेजेवणं होतात, सुनांची आणि सासवांची गाऱ्हाणी वाटून घेतली जातात. इंग्लंडातही काही आगगाड्यांत बायकांचे वेगळे डबे होते, ते १९७७ साली बंद झाले. आता धाकटी पाऊण तास माणसांना खेटून प्रवास करते आणि एक शब्द कुणाशी बोलत नाही. "पण ताई, कुणाचा हातही चुकून लागत नाही," असं तीच म्हणाली. सगळ्यांचाच अनुभव असा असेल असं नाही, पण तिचा आहे.

सासूबाईंना मात्र लंडनची बस फार आवडली. बस थांब्याला येऊन एका बाजूला झुकते, पायरी चढावी लागत नाही. भांडुपला बसच्या पायरीवर त्यांचा गुडघा आणि मागच्या माणसाचा धक्का यांची रोज लढाई. २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवायचं. २०२५ साली ते तिकीट पावणेदोन पौंड होतं आणि त्यात तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येत. सासूबाई या तासाचा पुरेपूर वसूल करत. तासाच्या आत भाजी घेऊन परत!

आणि या बसच्या थांब्यावरच त्यांना मैत्रीण मिळाली. वेंबली-हॅरोकडे गुजराती वस्ती पुष्कळ. तिथल्या एक बा रोज देवळात निघालेल्या असत. सासूबाई मराठी बोलणार, बा गुजराती, आणि गुडघेदुखीला भाषा लागते थोडीच! कोल्हापूरच्या बाईनं गुजराती शिकावी ती लंडनला, याचं आम्हांला अजून हसू येतं. मराठीसाठी डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ आहे, थेट १९३२ साली स्थापन झालेलं. पण तिथे रविवारी कुणी गाडीनं नेलं तरच जाणं होई.

कारण सोमवार ते शुक्रवार त्या घरात माणूस कुठे असतं? सकाळी आठला दार ओढून दोघं बाहेर. तीन-सव्वातीनला नातीची शाळा सुटे. तिथे मोठं माणूस न्यायला गेल्याशिवाय लहान मुलाला सोडत नाहीत, म्हणून सासूबाई जात. मधले सात तास नुसती घड्याळाची टिकटिक. भांडुपला त्यांना एकान्त म्हणून नाही. दोन खोल्यांत पाच माणसं, झोपायला स्वयंपाकघर, पण जिन्यात उभं राहिलं तरी चार जणी बोलायला. सासूबाईंनीच सांगितलं, "भांडुपला पाय पसरायला जागा नाही, नि तिथं तोंड उघडायला जागा नाही." दिवेलागणीचीही त्यांची पंचाईत झाली. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री नऊ-सव्वानऊला मावळतो. मग सांजवात जेवणानंतर लावायची का? आणि डिसेंबरात तर चारच्या आत अंधार! धाकटीनं शेवटी साडेसहा ही वेळ ठरवून टाकली. देवालाही घड्याळ लावावं लागलं.

दुखण्याखुपण्याची गोष्ट जरा नीट सांगायला हवी. इंग्लंडात ५ जुलै १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा आहे. धाकटीच्या बाळंतपणाचं बिल आलं नाही, आणि घरी गेल्यावरही सुईण येऊन बाळ-बाळंतीण बघून गेली. हे आपल्याकडे पुष्कळ पैसे मोजूनही मिळत नाही. मात्र व्हिसावर राहणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना या सेवेसाठी आधीच पैसे भरावे लागतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून ते वर्षाला १०३५ पौंड आहेत. आणि साध्या तापाला सकाळी आठला फोन धरून बसायचं. पाळी येईल तेव्हा येईल. भांडुपला खालच्या मजल्यावरच डॉक्टर. रात्री दहालाही दार वाजवता येतं. पण दुखणं मोठं निघालं की मुंबईत आधी अनामत रक्कम, मग खाट. लहान दुखणं मुंबईत निभावतं आणि मोठं लंडनमध्ये, असं मला वाटतं.

इथवर आलं आणि ओसरीवर खरा विषय निघाला. धाकटी म्हणाली, "आईंना मेमध्ये पाठवा ना पुन्हा. त्या नसल्या तर मला अर्धा दिवसच काम करता येतं." थोरल्या म्हणाल्या, "माझ्या धाकट्याची दहावी आहे, दुपारी घरात कुणी नको का?" मी गप्पच होते. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवायला जाते, आणि ते कुणाच्या जिवावर, हे सांगायची गरज नव्हती. तिघींच्या तीन शहरांतल्या नोकऱ्या एका सासूबाईंच्या दोन गुडघ्यांवर उभ्या आहेत! तरी त्यांना काय हवं ते आम्ही विचारलंच नव्हतं. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लंडनला मी जाईन, कारण तिथनं परत यायची तारीख तिकिटावर असते. भांडुपला गेलं की तारीख कुणी सांगत नाही." थोरल्या जाऊबाईंचा चेहरा उतरला. पण मग त्यांनीच पर्स उघडून दिनदर्शिका काढली. दहावीची परीक्षा होईपर्यंत भांडुप, मेपासून सप्टेंबरपर्यंत हॅरो, नवरात्राला घर. माझे तीन दिवस कसे बसवायचे ते माझ्याकडे लागलं. मी शेजारच्या वहिनींशी बोलले आहे. त्यांच्या मुलीची शिकवणी मी घेणार, माझी मुलं दुपारी त्यांच्याकडे.

तुमच्याही घरी असं बोलावणं आलं असेल, तर काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. इंग्लंडचा पाहुण्यांचा व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहू देतो. दोन, पाच, दहा वर्षांचा घेतला तरी प्रत्येक मुक्काम सहा महिन्यांचाच. "आईला कायमची घेऊन जातो" हे मुलगा मनापासून म्हणत असला, तरी जुलै २०१२ पासून ते फार अवघड झालं आहे. रोजची साधी कामंही आईला स्वतः करता येत नाहीत आणि ती सेवा भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. पाहुण्या माणसाला अपघात विभागात उपचार फुकट मिळतात, पण दवाखान्यात ठेवून घेतलं तर दीडपट दरानं बिल येतं. तेव्हा प्रवासाचा विमा उतरवल्याशिवाय पाठवू नका, आणि रक्तदाब, साखर जे असेल ते विम्याच्या कागदावर खरं लिहा. सबंध मुक्कामाची औषधं मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत.

सामानाचं म्हणाल तर दुधाचे पदार्थ आपल्याकडून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही, साजूक तूपही नाही. कढीलिंब आणि जोतिबाचा दवणाही इथेच ठेवा. नारळ चालतो. मेतकूट, गोडा मसाला, कोल्हापुरी चटणी घट्ट बांधून न्या. दोन सुती आणि चार गरम कपडे, पायांत मोजे चढतील अशी चप्पल. आणि हो, प्लॅस्टिकचा एक छोटा लोटा. तिकडच्या न्हाणीघरात नळ असतो, टब असतो, आरसा असतो, पण लोटा नसतो. सासूबाईंनी पहिले दोन दिवस नातीच्या खेळण्यातली बादली वापरली.