टाकीची वही

दूध, किराणा, भिशी, अगदी सिलेंडर कधी लावला याचीही नोंद आपण बायका ठेवतो. पण संडासच्या टाकीची? मैत्रिणींनो, मीही ठेवली नव्हती.

आमच्या संग्रामपूरच्या घराची टाकी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, बांधून घेतलेली. ती कुठं आहे, किती खोल आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. ते गेले अन् हिशेबही सोबत गेला. पुढं आम्ही हौसेनं अंगणात फरशी बसवली. ढापा तिच्याखाली!

दोन वर्षांपूर्वी राखीला नणंदा आल्या आणि नेमका संडास तुंबला. घर पाहुण्यांनी भरलेलं. सासूबाई म्हणाल्या, "तुळशीपाशी हाय वाटते वं." हे म्हणाले, "नाही, मोरीमागं." तीन जागी फरशी फोडली, तेव्हा ढापा लागला. आत गाळ किती, कुणालाच ठाऊक नाही. कामावरचा पोरगा म्हणाला, "काकू, उतरूनच पाहतो." मी ओरडलेच, "खबरदार, आत पाय टाकशील तर!" टाकीतला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. उतरणारा तर जातोच, त्याला काढायला धावणाराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. आमच्या विसराळूपणापायी कुणाच्या लेकराचा जीव गेला असता! दुसऱ्या दिवशी उपसणारी गाडी आणली, तेव्हा सुटलो.

त्याच रात्री वही घातली. पहिल्या पानावर लेकीनं नकाशा काढला: घराच्या दोन कोपऱ्यांपासून ढापा किती फुटांवर, पाइप कुठून जातो, बोअर किती लांब. खाली टाकीची लांबी, रुंदी, खोली. दुसऱ्या पानावर उपसल्याची तारीख, गाळ किती निघाला, पैसे किती दिले, गाडीवाल्याचा नंबर. टाकी साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावी म्हणतात. पण माणसं किती, टाकी केवढी, यावर ते ठरतं. तारीख लिहिलेली असली की आपल्या घराचा अंदाज आपल्यालाच येतो.

तिसरं पान पावसाळ्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातली आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओली झाली की पाणी लवकर मुरू देत नाही, अन् तिच्या हलण्यानं टाकीला तडाही जाऊ शकतो. म्हणून शोषखड्डा कधी भरला, वास कधी आला, तेही लिहिते. खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचं मोल आपल्याला कुणी सांगायला नको. टाकी झिरपून बोअर नासलं, तर जायचं कुठं?

वही आता देवघराच्या फळीवर असते. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, "देवापाशी संडासची वही ठेवतेस काय वं?" मी म्हटलं, "तिथं ठेवली की हरवत नाही."

परवा नणंदेचा फोन आला, "वहिनी, तो नकाशा कसा काढला वं? आमचीही फरशी बसवायची आहे."

म्हटलं, "आधी ढापा मोज बाई, मग फरशी!"